वाचकांचे प्रश्न : रिचार्ज कोणता मारावा?

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी प्रीपेडचे दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन १८९ वर गेला, एअरटेल आणि व्हीआयचा १७९ चा प्लॅन १९९ झाला. एका घरात चार-पाच सिम असली की महिन्याचा रिचार्ज वीजबिलाच्या बरोबरीला येतो. या वेळचे सगळे प्रश्न म्हणूनच स्वस्त प्रीपेड प्लॅनबद्दल घेतले आहेत.

उत्तरांत दिलेले दर ज्या-त्या महिन्याचे आहेत, आणि दर पुन्हा बदलतात. हिशोबाची रीत लक्षात ठेवा आणि आकडे रिचार्जच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर बघून त्यात घाला. रीत अगदी सोपी आहे. प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागा. प्रीपेडमध्ये आपण मुख्यतः दिवस विकत घेतो, नेट आणि एसएमएस त्या दिवसांवर चढलेले असतात. दिवसाचा भाव काढला की जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांचा निम्मा जोर तिथेच ओसरतो.

प्रश्न : वडील सत्तरीचे आहेत, गावी असतात. बटणांचा फोन आहे, नेट अजिबात वापरत नाहीत. दिवसाला पाच-सहा कॉल, तेवढेच. गावातला दुकानदार दर वेळी २९९ चा रिचार्ज मारतो आणि "अण्णा, याच्याखाली काही येत नाही" म्हणतो. खरंच येत नाही का? (एक वाचक, मंगळवेढा)

येतो. आणि असा प्लॅन ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, ग्राहक संरक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, नेट नसलेला निदान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीला द्यावा लागतो. अशा खास रिचार्जची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस असे, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये हे प्लॅन आले. सुरुवातीचे दर चढे होते, थोड्याच दिवसांत ते खाली आणले गेले. जिओचा ८४ दिवसांचा प्लॅन ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना झाला. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि ३६५ दिवसांचा १,८४९.

आता भागाकार करा. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ४४८ भागिले ८४ म्हणजे ५ रुपये ३३ पैसे. बरोबर निम्मे. वर्षाला साधारण १,९५० रुपयांचा फरक पडतो, आणि तोही वडील ज्याला हात लावत नाहीत त्या रोजच्या नेटपायी.

दुकानदार मुद्दाम फसवतो असे समजू नका. रिचार्जच्या ॲपवर पहिल्या पानावर रोजच्या नेटचे प्लॅन असतात. फक्त कॉलिंगचा प्लॅन 'व्हॅल्यू' किंवा 'व्हॉइस ओन्ली' अशा नावाच्या शेवटच्या खणात असतो, तिथवर कुणी बोट सरकवत नाही. वडिलांना एकच वाक्य पाठ करून द्या : "नेट नसलेला, फक्त कॉलिंगचा, ८४ दिवसांचा मारा." पैसे देण्याआधी दुकानदाराच्या फोनवर तीन गोष्टी वाचून घ्यायला सांगा, दिवस किती, कॉल अमर्याद आहेत का आणि एसएमएस किती. या प्लॅनमधले एसएमएस रोजचे नसतात, सगळ्या मुदतीचे मिळून असतात. ८४ दिवसांना ९०० ते १,००० एवढा कोटा होता. वडिलांना तो भरपूर आहे.

दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिले, स्वस्त दिसला म्हणून नंबर जिओत नेतात आणि जुन्या बटणांच्या फोनला रेंजच येत नाही. जिओचे जाळे ४जी पासून सुरू होते, तिथे २जी नाही. एअरटेल आणि व्हीआयचे २जी चालू आहे, त्यामुळे जुना फोन तिथे चालतो. फोनच्या खोक्यावर किंवा सेटिंगमध्ये '४जी' आणि 'व्होल्टी' (इंग्रजीत VoLTE) हे दोन्ही शब्द दिसले तरच जिओचा विचार करा. जिओभारत नावाचा बटणांचा ४जी फोन मिळतो. त्याचा १२३ रुपयांचा २८ दिवसांचा वेगळा प्लॅन आहे, कॉल अमर्याद आणि रोज अर्धा जीबी नेट. दिवसाला ४ रुपये ३९ पैसे पडतात. पण तो फोन दुसऱ्या कंपनीचे सिम घेत नाही, आणि तो प्लॅन दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही. फोन बिघडला आणि सिम घरातल्या स्मार्टफोनमध्ये घातले, की नेहमीचा रिचार्ज मारावा लागतो.

दुसरे, नेट नाही म्हणजे फार स्वस्त, असे धरून चालतात. जुलै २०२४ च्या यादीत जिओचा ८४ दिवसांचा, एकूण ६ जीबी नेटचा प्लॅन ४७९ ला होता. बिननेटचा ४४८ ला आला. म्हणजे ६ जीबीची किंमत ३१ रुपये. बटणांच्या फोनला ते ३१ रुपये वाया जातात. पण घरच्यांनी वडिलांना स्मार्टफोन दिला असेल, नातवंडांचे फोटो व्हॉट्सॲपवर येत असतील, तर थोड्या नेटचा प्लॅनच बरा. रिचार्ज करताना बिननेटच्या प्लॅनच्या आसपासचे थोड्या नेटचे प्लॅनही वाचत जा. आणि स्मार्टफोनमध्ये बिननेटचा प्लॅन घातला तर मोबाइल डेटा बंदच ठेवा. नाहीतर खात्यात टॉकटाइमचे जे काही पैसे असतील ते फोन आपोआप अपडेट होताना उडून जातात. १९२५ या नंबरवर इंग्रजीत 'स्टॉप' असा एसएमएस पाठवला की कंपनीकडूनच नेट बंद होते आणि 'स्टार्ट' पाठवले की परत चालू होते.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडला कॉट बेसिसवर राहते. रोजचे दीड जीबी संध्याकाळी आठलाच संपते. त्यानंतर काहीच उघडत नाही. २ जीबीचा प्लॅन घ्यावा की वरून नेटपॅक मारत राहावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

आधी आठ वाजेपर्यंत काय खाल्ले ते बघा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग नेटवर्क, मग डेटा युसेज. तिथे मोजणीची तारीख रिचार्जच्या तारखेशी जुळवून घ्या आणि आठवडाभराने यादी उघडा. वरची तीन नावे बहुतेक सगळे नेट खाऊन बसलेली असतात. व्हिडिओ ४८० च्या दर्जावर तासाला साधारण अर्धा जीबी घेतो, १०८० वर त्याच्या तिप्पट-चौपट. मोबाइलच्या पडद्यावर लेक्चर बघायला ४८० पुरते. फळ्यावरची अक्षरे बारीक असतील तेव्हाच वाढवा.

मग चार गोष्टी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे, प्ले स्टोअरमधली अपडेट, फोटोंचा बॅकअप आणि रील्स बघण्याच्या ॲपमध्ये पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवणे. अपडेट आणि बॅकअप 'फक्त वायफायवर' करून टाका, कॉलेजच्या लायब्ररीत ती कामे होतील. दीड जीबी संपण्याचे कारण पुष्कळदा हेच निघते, आणि प्लॅन बदलावा लागत नाही.

"काहीच उघडत नाही" का, तेही सांगतो. रोजचा कोटा संपल्यावर नेट तुटत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. यातला 'बी' बिटचा आहे, बाइटचा नाही. आठने भागले की सेकंदाला ८ केबी. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटे आठ सेकंद, तीन एमबीची पीडीएफ सहा मिनिटांहून जास्त. व्हॉट्सॲपचा लेखी निरोप जातो, पण वेबसाइटचे पान एवढा वेळ वाट बघत नाही, मध्येच तुटते. मेसचे पैसे रात्री यूपीआयने द्यायचे असतील तर कोटा संपायच्या आत द्या. पैसे अडकण्याच्या तक्रारी अशा रांगत्या नेटवर जास्त येतात. कोटा रात्री बारा वाजता नव्याने भरतो. उरलेले नेट सहसा पुढच्या दिवशी मिळत नाही. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये आठवड्यातले उरलेले नेट शनिवार-रविवारी वापरता येते, एवढा अपवाद.

आता पैशाचे. जुलै २०२४ च्या जिओच्या यादीत २८ दिवसांना दीड जीबी २९९ ला आणि २ जीबी ३४९ ला होते. रोजच्या अर्ध्या जीबीसाठी ५० रुपये जास्त. त्याच यादीत ८४ दिवसांना दीड जीबी ७९९ ला आणि २ जीबी ८५९ ला. म्हणजे तोच रोजचा अर्धा जीबी तीन पट दिवसांसाठी ६० रुपयांत. आणखी पुढे बघा. ८५९ भागिले ८४, दिवसाला १० रुपये २३ पैसे. २८ दिवसांचा दीड जीबीवाला प्लॅन दिवसाला १० रुपये ६८ पैसे. २ जीबीचा मोठा प्लॅन दीड जीबीच्या छोट्यापेक्षा स्वस्त पडत होता! यादी बदलली तरी अशी उलटी गणिते तिच्यात सापडतात, म्हणून रिचार्जआधी भागाकार करायचाच. अडचण एकच, ८५९ रुपये एकरकमी काढावे लागतात. घरून महिन्याला पैसे येत असतील तर हे आधी घरी सांगून ठेवा.

२ जीबीकडे झुकण्याचे आणखी एक कारण आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनलाच ठेवले. फोन ५जी असेल आणि खोलीत ५जी टिकत असेल तर कोट्याचा प्रश्नच राहत नाही. 'टिकत असेल' हे मात्र तपासून घ्या. जुन्या इमारतीच्या आतल्या खोलीत फोन ५जी वरून ४जी वर घसरतो, आणि घसरला की कोट्यातले नेट मोजले जाऊ लागते. दोन-तीन दिवस फोनच्या वरच्या पट्टीवर लक्ष ठेवा, मग ठरवा.

वरून मारायचा नेटपॅक कधी? महिन्यातून एखादाच दिवस जास्त लागत असेल तेव्हा. त्या यादीत २ जीबीचा पॅक २९ ला होता. दोनदा मारला की ५८ झाले, म्हणजे ३४९ चा प्लॅन घेतला असता तर बरे पडले असते. नेटपॅक घेताना त्याची मुदत वाचा. काही पॅक मूळ प्लॅन असेपर्यंत चालतात, काही एका दिवसात संपतात, काही तासाभरात. आणि मूळ प्लॅन संपला असेल तर नेटपॅकने कॉल चालू होत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले नेमकी ही चूक करतात.

प्रश्न : २८ दिवसांचा प्लॅन आणि महिन्याचा प्लॅन यांत खरंच फरक पडतो का? (एक वाचक, लातूर)

पडतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा निदान एक प्लॅन ठेवा, असा आदेश ट्रायने २०२२ मध्ये काढला होता, तो याच कारणाने. जुलै २०२४ मध्ये जिओचा असा पूर्ण महिन्याचा, रोज दीड जीबीचा प्लॅन ३१९ ला होता. बारा वेळा ३,८२८ रुपये. २९९ तेरा वेळा ३,८८७ रुपये. दिसायला २० रुपयांनी महाग असलेला प्लॅन वर्षाला ५९ रुपयांनी स्वस्त पडला. शिवाय तारीख एकच राहते, त्यामुळे विसरायला होत नाही.

प्रश्न : दुसरे सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी आहे. २० रुपये बॅलन्स ठेवला की सिम चार महिने चालू राहते असा निरोप व्हॉट्सॲपवर आला. तसे करून बघितले, पण ओटीपी येणे बंद झाले. काय चुकले? (एक वाचिका, नाशिक)

चूक तुमची नाही, निरोप अर्धा होता. नंबर टिकणे वेगळे आणि नंबर चालणे वेगळे.

नियम २०१३ चा आहे. प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, नेट असा कसलाच वापर झाला नाही तरच कंपनी तो बंद करू शकते. त्या वेळी खात्यात २० रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर नंबर बंद करता येत नाही, कंपनी २० रुपयांपर्यंत कापून मुदत ३० दिवसांनी वाढवते. बॅलन्स नसल्याने नंबर बंद झालाच तर १५ दिवसांच्या आत २० रुपयांपर्यंत शुल्क भरून तोच नंबर परत मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये हाच जुना नियम नव्याने आल्यासारखा सगळीकडे फिरला.

या नियमाने नंबर दुसऱ्याला जात नाही, एवढेच. प्लॅनची मुदत संपली की जाणारे कॉल लगेच थांबतात आणि काही दिवसांनी येणारे कॉल-एसएमएसही थांबतात. किती दिवसांनी, ते कंपनीगणिक वेगळे. ओटीपी हा येणारा एसएमएसच, तोही मग येत नाही. ओटीपी हवा असेल तर चालू मुदतीचा रिचार्ज लागतोच. अशा सिमला वर सांगितलेला फक्त कॉलिंगचा लांब मुदतीचा प्लॅन बसतो, दिवसाला पाच-सव्वापाच रुपये. बीएसएनएलकडे याहून कमी दिवसभावाचे लांब मुदतीचे प्लॅन असतात. तुमच्या घरात त्याची रेंज येत असेल तर दुसऱ्या सिमला तो चांगला पर्याय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे स्वदेशी ४जी देशभर सुरू झाले आहे. मात्र किंमत तीच ठेवून दिवस कमी करणे, हाही दरवाढीचाच प्रकार आहे, आणि तो आता सगळीकडे दिसतो. मागच्या वेळी मारला तोच आकडा डोळे मिटून परत मारू नका, दिवस मोजा.

बॅलन्स २० ठेवायचा तर रिचार्ज २० चा करून भागत नाही, हेही लक्षात घ्या. २० रुपयांतून १८ टक्के जीएसटी गेला की १६ रुपये ९५ पैसे उरतात, त्यातून प्रक्रिया शुल्काचे २ रुपये गेले की हातात १४ रुपये ९५ पैसे. ३० च्या टॉपअपमध्ये २२ रुपये ४२ पैसे मिळतात. म्हणून टॉपअप ३० चा करा.

या थोड्या टॉपअपचा आणखी एक उपयोग आहे. नवा फोन घेतला किंवा यूपीआयचे ॲप नव्याने टाकले, की ते ॲप तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस स्वतः पाठवते. प्लॅनमध्ये एसएमएस नसतील, संपले असतील आणि बॅलन्सही शून्य असेल, तर तो एसएमएस जात नाही आणि ॲप नुसते 'पडताळणी होऊ शकली नाही' म्हणत राहते. लोक बँकेत खेटे घालतात, तरी अडचण दीड-दोन रुपयांच्या एसएमएसची असते. दोन सिमच्या फोनमध्ये एसएमएस पाठवण्यासाठी बँकेचेच सिम निवडले आहे ना, तेही तपासा.

आणि हे सिम सोडूनच द्यायचे ठरवले तर घाई नको. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. त्याआधी बँक, आधार, पॅन, गॅस, पीएफ, डिमॅट, व्हॉट्सॲप, ईमेल, जिथे जिथे हा नंबर दिला आहे ती प्रत्येक जागा कागदावर लिहून काढा आणि एकेक करून नवा नंबर लावा. कागदाचा शेवट होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. घरातल्या घरात हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बँकेचा नंबर रोजच्या वापराच्या सिमवर आणला की दुसऱ्या रिचार्जचे पैसे कायमचे वाचतात.

प्रश्न : घरात रेंज येत नाही, अंगणात येऊन बोलावे लागते. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचे आहे. सिम मुंबईचे आहे, त्याने अडचण येईल का? (एक वाचक, देवगड)

मुंबईच्या सिमची काही अडचण नाही. मुंबई हे वेगळे सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेला विभाग, आहे, आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरे. पण २०१५ पासून देशभर कुठल्याही सर्कलमधून कुठेही पोर्ट करता येते. एकाच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलल्यास ५.

पोर्ट करण्याआधी शेजारचे सिम मागा. कंपन्यांनी आता आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे टाकले आहेत, ते बघा. पण कोकणातल्या वाडीत घर उताराला आहे की माथ्याला, भिंत चिऱ्याची आहे की कुडाची, हे नकाशा सांगत नाही. ज्या कंपनीत जायचे तिचे सिम ज्याच्याकडे आहे असा शेजारी गाठा. ते सिम तुमच्याच फोनमध्ये घाला, कारण दोन फोनांची रेंज ओढण्याची ताकद सारखी नसते. माजघरात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ, तिन्ही ठिकाणी कॉल लावून बघा. रात्री आठ-नऊला नेटही तपासा, तेव्हा सगळा गाव नेटवर असतो. आणि वीज गेल्यावर रेंज किती वेळ टिकते, ते शेजाऱ्याला विचारा. पावसाळ्यात सगळे त्याच्यावर अवलंबून असते. घरात ब्रॉडबँड असेल तर पोर्टही करू नका. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू केले की घरातल्या वायफायवरून साधा कॉल लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

तरीही पोर्ट करायचे ठरले तर असे करा. जुन्या सिमवरून १९०० ला एसएमएस पाठवा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट', मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. प्लॅन कितीही स्वस्त असला तरी हा एसएमएस जाऊ द्यायलाच हवा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी कोड येतो. आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. नवे सिम मिळेल, पण जुने लगेच काढू नका. बदलाची वेळ एसएमएसने कळते. जुन्या सिमची रेंज गेली की नवे घाला. त्या दिवशी ओटीपी लागणारे बँकेचे काम ठेवू नका.

कोड येत नसेल तर तीन कारणे तपासा. या कंपनीत तुम्हाला ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेड असेल तर बिल थकले आहे, किंवा हरवल्या-बिघडल्यामुळे तुम्ही नुकतेच त्याच नंबरचे नवे सिम घेतले आहे. तसे असेल तर १ जुलै २०२४ च्या नियमाप्रमाणे ७ दिवस कोड मिळत नाही. फसवणूक करणारे दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून लगेच पोर्ट करत, त्याला आळा घालायला हा नियम आला.

पोर्ट केल्यावर जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि बॅलन्स दोन्ही बुडतात. म्हणून मुदत संपायच्या आठवडाभर आधी कोड मागवा. महिनाभरापूर्वी वर्षाचा रिचार्ज मारून बसलात तर मात्र अंगणातच बोलावे लागेल.

प्रश्न : मग वर्षाचा एकदम मारावा की नाही? (एक वाचक, अमरावती)

रेंजची खात्री असेल, नंबर नक्की ठेवायचा असेल, तर मारावा. फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. जुलै २०२४ च्या यादीत जिओचा रोज अडीच जीबीचा ३६५ दिवसांचा प्लॅन ३,५९९ ला होता, दिवसाला ९ रुपये ८६ पैसे. ८४ दिवसांचा रोज २ जीबीचा १० रुपये २३ पैसे. वर्षाला साधारण १३४ रुपयांचा फरक. खरा फायदा दरवाढीत होतो. २०२४ ची दरवाढ जूनच्या अखेरीस जाहीर झाली आणि ३-४ जुलैपासून लागू झाली. मधल्या दिवसांत ज्यांनी जुन्या दराने लांब मुदतीचा रिचार्ज करून ठेवला त्यांना तोच दर पुढे मिळाला. दरवाढीची बातमी आली की त्याच दिवशी हिशोब करा. चालू प्लॅन संपायच्या आत नवा मारला तर तो रांगेत लागतो की लगेच सुरू होऊन जुन्याचे दिवस खातो, हे ॲपवर 'पुढचा प्लॅन' किंवा तशा नावाखाली दिसते. ते बघूनच पैसे भरा.

पैसेही कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून भरा. काही पेमेंट ॲप प्रत्येक रिचार्जवर एक ते तीन रुपये सेवाशुल्क लावतात, ते शेवटच्या पडद्यावर बारीक अक्षरांत असते.

प्रश्न : मी कतारमध्ये नोकरीला आहे. भारतातला नंबर बँकेसाठी चालू ठेवायचा आहे. दर महिन्याला २९९ भरतो. कमी होईल का? (एक वाचक, दोहा, मूळ रत्नागिरी)

होईल. तुम्हाला येणारा एसएमएस एवढेच लागते. वर्षाच्या मुदतीचा फक्त कॉलिंगचा प्लॅन घ्या. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का, ते कंपनीच्या ॲपवर आधी बघा, आणि शक्य असेल तर सुट्टीवर गावी असतानाच चालू करून घ्या. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा मोफत असतो. येणारा कॉल मात्र मिनिटाच्या दराने पैसे खातो, तेव्हा या सिमवर कॉल घेऊ नका आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. यूपीआयची नोंदणीही निघण्याआधी उरकून घ्या. परदेशातून तिचा पडताळणीचा एसएमएस पाठवला तर रोमिंगचा दर लागतो, आणि पुष्कळदा तो पोचतच नाही.

याहून स्वस्त मार्गही आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यांसाठी यूपीआयला मुभा दिली. त्यांत कतार, ओमान, सौदी अरेबिया, अमिरात, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन आहेत. तुमची बँक कतारचा नंबर ओटीपीसाठी घेते का, ते शाखेला ईमेलने लेखी विचारा. घेत असेल तर खाते त्या नंबरवर न्या. आधार या सिमच्या नंबरला जोडलेले असेल तर सुट्टीत येऊन तो नंबर बदलून घेईपर्यंत हे सिम जिवंत ठेवा.

प्रश्न : टॉकटाइमचे पैसे आपोआप कापले जातात. (एक वाचक, वसई)

कॉलर ट्यून, क्रिकेटचे निरोप, भविष्य अशी एखादी सेवा चालू झालेली असणार. १५५२२३ वर इंग्रजीत 'स्टॉप' एसएमएस करा. चालू सेवांची यादी येते, तिच्यातून नको ती बंद करा. तुमची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा चालू करता येत नाही. संमती दिली नसेल तर १९८ वर तक्रार करून कापलेले पैसे परत मागा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. तक्रार सुटली नाही तर तोच नंबर घेऊन ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. अपिलाचे वेगळे पैसे लागत नाहीत.